नागुबाई हनमंते यांच्या उजव्या अंगठ्याची मोहीम

नमो बुद्धाय. नायगाव तालुक्याचे समस्त निवृत्त गुरुजन, पेन्शनीचे धनी, रांगेचे मानकरी, यांचे सभेत हुकूम जाहला जे, नागुबाई हनमंते बाईंच्या सहीचे वर्तमान हरएक जण आपापल्या परीने सांगतो, कोणी म्हणतो अंगठाच नवा बसविला, कोणी म्हणतो आत लोखंड घातले, कोणी म्हणतो लातुरास काही पाजले, तरी खरे काय ते साद्यंत लिहून दफ्तरी ठेवणे. त्यास सेवक आप्पासाहेब, जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त लिपिक, बाईंचे घरास भिंत लावून राहतो, आणि या मोहिमेतील निम्मे डोळ्यांनी पाहिले आणि निम्मे भिंतीतून ऐकले. दवाखान्यातील मजकूर बाईंचे चिरंजीवांनी सांगितला. ज्यास खोटे वाटेल त्याणे पलीकडचे दार वाजवून खासा बाईंस विचारावे, पुढे जे होईल त्यास सेवक जबाबदार नाही.

प्रथम बाई म्हणजे कोण, हे नवख्यास ठाऊक पाहिजे. बाईंनी छत्तीस वर्षे पहिली ते चौथीच्या मुलुखावर अंमल केला, आणि खडू उजव्या हातीं धरून फळ्यावर ऐसी अक्षरे काढिली की तपासणीस आलेले साहेबलोक तपासणी विसरून अक्षरच पाहत बसत. नोकरी सुटल्यावर बाई घरी बसल्या नाहीत. रोज सांजेस विहारात बायकांस जमवून सही शिकवू लागल्या, आणि शेतमजुरीच्या, भाजी विकणाऱ्या, साठी उलटलेल्या ऐशा सदतीस बायका सहीस आणिल्या. मात्र सही आली की बाई एक करार करून घेत, तो ऐसा की, या हातास मतदानाची शाई लागेल ती लागो, अंगठ्याची शाई पुन्हा लागू द्यायची नाही. याचे कारण बाईंची माय. तिणे हयातभर कागदांवर अंगठा दिला, आणि कागदात काय लिहिले आहे हे तीस एकदाही कोणी वाचून दाखविले नाही. बाईंस याची चीड होती आणि ती कधी निवाली नाही.

सन दोन हजार तेवीस, माहे नोव्हेंबर, पेन्शनदारांनी बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर आपले नावापुढे सही करण्याचा दस्तूर, त्याप्रमाणे बाईंची स्वारी रांगेत दाखल जाहली. मेजापलीकडे शिवशंकर अधिकारी होता. हा बाईंचाच विद्यार्थी, चौथीत असता याचे अक्षर कोंबड्याने उकरल्यागत होते, म्हणोन बाईंनी हात धरून वळण लाविले, ते आजवर टिकले आहे. बाईंनी पेन धरिला आणि सही करू लागल्या, तों अंगठ्याचे बुडापासून ऐसी कळ आली की पेन आडवा जाहला आणि "हनमंते" यातला "ते" खालच्या माणसाच्या रकान्यात गेला. शिवशंकराने संगणकावरील नमुना पाहिला, सही पाहिली, दुसरा कागद दिला. ऐसे करिता सात कागद कामी आले आणि रांग मागे दारापावेतो गेली.

मग शिवशंकराने मान खाली घालून अर्ज केला जे, "बाई, सही जुळून नाही राहिली. या साली मी वळखतो म्हणून धरून घेतो. फुडल्या साली वरचे साहेब ऐकणार न्हाईत. नियमात बसतंय, बायांचा उजवा अंगठा चालतोय." यावर बाईंनी फर्माविले जे, "शिवशंकर, हे पुन्हा बोलायचं न्हाई." त्याणे सातवा कागदच दाखल करून घेतला.

परंतु खरा घाव पुढेच बसला. बाईंचे पाठीमागे पार्वतम्मा उभी होती. ही देगलूरकडची, शाळेच्या शिपायाची विधवा, बाईंनी हिला बासष्टाव्या वर्षी सही शिकविली, आणि शिकता शिकता तीन पाट्या फुटल्या. पार्वतम्माने सातही कागद पाहिले. मग तिचा नंबर आला तेव्हा तिणे पेन मेजावरच ठेविला आणि उजवा अंगठा पुढे करून म्हणाली, "बाईलाच जमंना, मला कुठलं जमतंय." आणि शाईत बुडवून ठसा दिला. बाईंनी ते पाहिले. घरी येऊन दोन दिवस जेवण धड नाही. सदतीस बायकांचा करार आपल्या एका अंगठ्यापायी मोडणार, हे एकच त्यांचे मनात घोळत राहिले.

तिसरे दिवशी बाईंनी मसलत केली ती एकटीने केली, आणि तिथेच चूक जाहली. छत्तीस वर्षांत ज्या पोराचे अक्षर बिघडले त्यास बाईंनी एकच औषध दिले होते, ते म्हणजे सराव. तेच औषध बाईंनी आपणास लाविले. दुरेघी वह्या आणविल्या, आणि रोज सकाळी शंभर सह्या आणि सांजेस शंभर सह्या, चुकली तर वर पन्नास, ऐसी शिक्षा आपली आपणच ठरविली. भिंतीपलीकडून सेवकास ऐकू येई की बाई स्वतःस रागे भरताहेत. पोरांनी निदान कधी दांडी तरी मारली असती, बाईंनी एक दिवस मारली नाही. याचा परिणाम ऐसा जाहला की संक्रांतीपावेतो अंगठ्याचे बूड सुजून वर आले, कुलुपाची किल्ली फिरेना, लोणच्याच्या बरणीचे झाकण निघेना, आणि भाकरी थापू गेल्या तर परातीतच पीठ सोडून हात कवटाळून बसू लागल्या.

तेव्हा चिरंजीव संघपाल, तालुक्याचे कृषी कचेरीत नोकर, आणि सूनबाई ज्योत्स्ना, उभयतांनी हात जोडून विनविले जे, "माय, आता दाखवूनच येऊ." मग एसटीने नांदेडास कूच जाहले. तेथे एका दवाखान्यात, नाव घेण्याचे प्रयोजन नाही, दुखणे कोठे ऐसे पुसता बाई एवढेच वदल्या की हात दुखतो. बाईंस आपले दुखणे तपशीलवार सांगण्याची सवय नव्हती, शाळेत पोट दुखते म्हणणाऱ्या पोरांवर त्यांचा कधी विश्वास बसला नाही, सबब स्वतःवरही बसेना. तेव्हा प्रथम साखर तपासली, ती निघाली नाही, मग चिकनगुनियाचा संशय घेतला, तोही निघाला नाही, मग मानेचा फोटो काढिला. अडुसष्ट वर्षांची मान, तीत झीज निघालीच. मान सापडल्याचा सर्वांस आनंद जाहला, आणि बाईंचे गळ्यास पट्टा बांधून स्वारी परत आली.

आता पट्ट्यामुळे मान खाली वाकेना आणि वही दिसेना. दुसरा कोणी असता तर लिहिणे सोडता. बाईंनी वही कपाटाच्या दारावर डोळ्यांसमोर चिकटविली आणि उभ्याने, फळ्यावर लिहावे तैसे, शंभर सह्या सकाळी आणि शंभर सांजेस चालू ठेविल्या. याप्रमाणे मानेचा इलाज अंगठ्यास आणि अंगठ्याची शिक्षा मानेस, ऐसा दुहेरी अंमल सव्वा महिना चालला. सेवकाने एकदा भिंतीवरून डोकावून, बाई, जरा दमाने घ्या, इतकेच म्हटले. त्यावर जे उत्तर मिळाले ते या कागदी लिहिण्याजोगे नाही.

शेवटी ज्योत्स्नाबाईंनी कोणास न पुसता लातुरास फोन लाविला. तेथे डॉक्टर तनुजा म्हणोन फक्त हाताचीच शस्त्रक्रिया करणाऱ्या, वय जेमतेम पस्तीस, यांची कीर्ती ऐकून होत्या. मग लोहा, अहमदपूर, चाकूर ऐसे दरमजल करीत, वाटेत कोठे चहा न घेता, बाई लातुरास दाखल जाहल्या. डॉक्टरांनी पुसले, "कुठं दुखतंय, बाई?" बाईंनी उत्तर दिले, "सहीत दुखतंय." डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन दिला आणि म्हणाल्या, करून दाखवा. बाई सही करीत असता डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलेच नाही, अंगठ्याकडे पाहिले. मग बाईंचा अंगठा धरून बुडाकडे दाबला आणि गोल फिरविला, तों जात्यात खडा आल्यागत करकर जाहली, आणि ज्या बाईंनी छत्तीस वर्षांत वर्गासमोर कधी हूं केले नाही, त्यांचे तोंडून ऐसा आवाज निघाला की बाहेर बसलेला संघपाल दार ढकलून आत आला.

मग फोटो काढिला, तो मानेचा नव्हे, अंगठ्याचा. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखविले जे, अंगठा मनगटास मिळतो तेथे एक लहान हाड आहे, त्यावर अंगठा खोगिरागत बसतो, दोहोंमध्ये कूर्चेची गादी असते, ती गादी झिजून साफ गेली आणि हाडावर हाड घासते, यास सांध्याची झीज म्हणतात, या वयात बायांस बहुत होते, खडू आणि भाकरी यांनी भर घातली असेल. मान निर्दोष आहे, पट्टा काढा. आणि सराव किती करता ऐसे पुसता संघपालाने दोनशे म्हणोन सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, "बाई, तुम्ही आजारी पोराला छड्या मारून राहिलात." बाईंचे डोळ्यांत पाणी आले. ते कळेचे नव्हते, हे संघपालास समजले.

प्रथम तहाची बोलणी जाहली. अंगठ्यास आधाराची पट्टी दिली, सांध्यात एक इंजेक्शन दिले, आणि तहाचे कलम एकच लिहिले, की अंगठ्यास विश्रांती देणे. दीड महिना शत्रू शांत राहिला, बाईंस वाटले आपण बऱ्या जाहलो, आणि त्या आनंदात बाईंनी लपवून ठेविलेली दुरेघी वही काढिली. तह गनिमाने मोडला ऐसे गावात सांगतात, ते खरे नाही, तह बाईंनी मोडला. आठ दिवसांत सूज दुप्पट जाहली. तेव्हा डॉक्टरांनी फोनवर सांगितले जे, आता ते हाडच काढावे लागेल, आणि जूनचा मुहूर्त नेमिला.

आता या मोहिमेतील मोठी लढाई. लोकांस वाटते ती शस्त्रक्रियेच्या मेजावर जाहली, परंतु ती त्याआधी खाटेवर बसून जाहली. शस्त्रक्रियेचे दिवशी सकाळी परिचारिका संमतीपत्र घेऊन आली. तें सात ठिकाणी सही मागत होते. परिचारिकेने बाईंचा सुजलेला हात पाहिला आणि दया येऊन शाईची डबी पुढे केली, म्हणाली, "आजी, कशाला तरास करून घेता, अंगठा द्या." संघपालाने डोळे मिटले. बाईंनी शाईची डबी उचलून खिडकीत ठेविली आणि पेन मागितला.

मग पहिली सही, तीस पाच मिनिटे लागली. दुसरीस सात. पेन बोटांतून निसटे, बाई डाव्या हाताने उजव्यात बसवीत आणि पुन्हा धरीत, कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणोन ज्योत्स्ना पदराने टिपीत होती. आत शस्त्रक्रियेची सारी मंडळी टोप्या घालून खोळंबली, भूल देणारे डॉक्टर दोनदा डोकावून गेले, पुढच्या रुग्णाचे नातेवाईक कुरकुर करू लागले. संघपाल म्हणाला, "माय, एका ठिकाणी दिला अंगठा तर कुणाला कळंना." बाईंनी वर न पाहता हुकूम केला, "मला कळंल की." तेव्हा डॉक्टर तनुजा खासा बाहेर आल्या, सारे पाहिले, स्टूल ओढून खाटेपाशी बसल्या, आणि ताकीद दिली जे, बाईंच्या सातही सह्या होईस्तोवर कोणी घाई करायची नाही, यादी पुढे ढकला. चौथ्या सहीस बाईंस रडू फुटले, ते त्यांनी गिळले नाही, रडत रडतच पाचवी केली. सातवी जाहली तेव्हा घड्याळात पाऊण तास उलटला होता.

मग खाली डॉक्टरांची सही व्हावयाची. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे एक वाकडी रेघ ओढिली आणि वर टिंब दिले. बाईंनी कागद पाहिला आणि विचारिले, "हे काय?" डॉक्टर म्हणाल्या, माझी सही. बाई म्हणाल्या, "मी सात काढल्या, तुमाला एक नीट येईना व्हय?" डॉक्टरांनी पेन पुन्हा घेतला आणि दहावीनंतर प्रथमच आपले पूर्ण नाव सुटे सुटे लिहिले. बाईंनी बरे आहे म्हणोन मान हलविली. मग स्वारी आत गेली.

आत काखेत सुई देऊन फक्त हात बधिर केला, बाई जाग्या होत्या. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे डॉक्टरांनी अंगठ्याचे बुडाशी दोन-अडीच इंच चीर देऊन ते घासलेले हाड काढिले, तुकड्यातुकड्याने निघाले. मग रिकाम्या जागी अंगठा खाली बसू नये म्हणोन बाईंचेच मनगटातली एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, अर्धी उभी चिरून घेतली, तिची गुंडाळी करून उशीगत त्या जागेत बसविली आणि शिवून टाकिली. लोखंड नाही, प्लास्टिक नाही, परके काहीही नाही. हे सेवक ठासून लिहितो, कारण भाजीबाजारात अजून लोखंडाचीच कथा चालते. बाईंनी हाड दाखवा म्हणोन मागणी केली, तेव्हा वाटीत सुपारीच्या खांडांएवढे तुकडे दाखविले. बाईंनी बराच वेळ पाहून विचारिले, "एवढ्याशापायी?" डॉक्टर म्हणाल्या, "हाव, एवढ्याशापायी." तासाभरात सारे आटोपले.

पुढे पाच आठवडे प्लास्टर आणि तीन महिने पेन बंद, ऐसे फर्मान सुटले. ज्योत्स्नाबाईंनी घरात जप्ती केली. कंपासपेट्या, दिनदर्शिकेस बांधलेली पेन्सिल, संघपालाच्या खिशातला पेन, सर्व गोळा करून सेवकाचे घरी भिंतीवरून सोपविले, आणि सेवकास ताकीद दिली जे, बाईंनी कितीही धमकाविले तरी देऊ नये. बाईंनी तीनदा धमकाविले. एकदा तर सेवकाच्या सेवापुस्तकातील एकोणीसशे शहाण्णव सालची चूक काढीन म्हणाल्या. सेवकाने दिला नाही, याची नोंद व्हावी, कारण या मोहिमेत सेवकाचे शौर्य एवढेच आहे.

प्लास्टर निघाल्यावर अंगठा बारीक आणि भित्रा जाहला होता. मग रोज कणकेचा गोळा दाबणे, अंगठा एकेका बोटास लावणे, कपड्यांचे चिमटे दोरीस लावणे आणि काढणे, ऐसी पहिलीची उजळणी सुरू जाहली. यंदा बाईंनी दहाचे वीस केले नाहीत. डॉक्टरांनी दहा सांगितले तर दहा, आणि मग हात मांडीवर ठेवून गप्प बसत. सेवकाने बाईंस असे बसलेले उभ्या जन्मात पाहिले नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस पेनास सायकलीच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जाड केला आणि दिवसास एक सही मंजूर जाहली, फक्त एक.

सन दोन हजार चोवीस, माहे नोव्हेंबर. बाई बँकेत दाखल जाहल्या, सोबत संघपाल, ज्योत्स्ना आणि सेवक. शिवशंकर उठून उभा राहिला. बाईंनी जाड पेन काढिला, यादीवर वाकल्या, आणि नागुबाई ग्यानोबा हनमंते, ऐसे एका दमात, रकान्याच्या आत, वेलांट्या गोल, शिरोरेघ सरळ, लिहून पेन खाली ठेविला. शिवशंकराने संगणकाकडे पाहिले. पुन्हा सहीकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बाई, जुळंना."

संघपाल खुर्चीवर बसला. बाई डाव्या हाताने उजवा अंगठा धरून उभ्या राहिल्या. तेव्हा शिवशंकराने यंत्राचे तोंड फिरवून नमुना बाईंस दाखविला. तो दहा वर्षांमागचा, खाते उघडतानाचा. त्यात अक्षरे थरथरलेली, "हनमंते" खाली घसरलेले. बाईंनी चष्मा पुसून पाहिले. शिवशंकर हळू म्हणाला, "बाई, नमुनाच दुखण्यातला हाय. तवाच दुखत होतं तुमाला." बाईंनी आठविले आणि मान हलविली. दहा वर्षे हात दुखत होता, आणि बाईंस वाटत होते आपले अक्षर बिघडले.

शिवशंकर म्हणाला, "आताची सही मी वळखतो. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर चार बारी हाय, ते घरी ठेवलंय." मग नवीन नमुन्याचा अर्ज काढिला, त्यावर बाईंनी तीन सह्या केल्या, तिन्ही एकीस एक जुळल्या, आणि मग शिवशंकराने यादीत बाईंचे नावापुढे हयात ऐसी नोंद घातली. मागे पार्वतम्मा होती. तिणे बाईंचा जाड पेन उचलला आणि सहीस बसली, तीस बराच वेळ लागला. रांगेत कोणी घसा खाकरला, बाईंनी मागे वळून पाहिले, आणि मग कोणी खाकरले नाही.

येणेप्रमाणे मोहीम सुफळ जाहली. कामी आले ते एक हाड आणि दुरेघी वह्या अकरा. मिळविली ती एक सही, तीही दुखल्याविना. ओळख पटविणारा म्हणोन शिवशंकराने अर्जाखाली सही केली. ती बाईंनी चष्म्यातून तपासली, आणि बरोबर ऐसी खूण केली.